उन्हाळी फुलं, भाजी आणि बेकिंगच्या प्रदर्शनात भाग घ्यायचाय? बेळगाव भागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मंडळानं, शाळेनं किंवा कॉलनीनं असलं प्रदर्शन ठेवलं की पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात. एंट्री टेबलावर जे जे विचारलं जातं ते इथं एकत्र लिहिलंय, आणि आपल्याकडचं हवामान धरून लिहिलंय, म्हणजे बेळगाव-खानापूरची तांबडी माती, यळ्ळूर-शहापूर शिवारातली काळी, अथणी-रायबागकडचं कडक ऊन आणि मे महिन्यात कधीपण गाठणारा वळीव. या स्पर्धांची मूळ पद्धत इंग्लंडातल्या गावोगावच्या शोची आहे, त्यामुळं तिकडचे नियम जिथं कामाला येतात तिथं ते पण सांगितलेत.

माझ्याकडं शेत नाही, परड्यात चार कुंड्या आहेत. भाग घेतला तर चालतं काय?

होय की, बिनधास्त घ्या. बहुतेक गटांत तीन नग, पाच नग, नाहीतर एक फुलदाणी एवढंच मागतात, पोतंभर माल कुणी मागत नाही. टेरेसवरच्या ग्रो बॅगमधल्या पाच भेंड्या दोन एकरवाल्याच्या पाच भेंड्यांना हरवू शकतात, कारण कुंडीवाला रोज सकाळी झाडाजवळ जाऊन बघतो आणि नेमक्या दिवशी तोडतो, शेतकऱ्याला मार्केटची गाडी गाठायची असते.

जज नेमकं काय बघतात? सगळ्यात मोठं असेल त्याला नंबर देतात काय?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. जज साधारण चार-पाच गोष्टी बघतात: माल ताजा आणि निरोगी आहे का, आकार त्या जातीला शोभेल असा आहे का, रंग बरोबर आहे का, डाग-भोकं-कीड आहे का, आणि ताटातले सगळे नग एकसारखे आहेत का. यातली शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि बक्षीस तिथंच जातं. समजा पाच टोमॅटो मागितलेत, तुमच्याकडं दोन मोठे एकदम देखणे आहेत आणि बाकीचे मध्यम, तर ते दोन देखणे टोमॅटो घरी ठेवा आणि पाच मध्यम पण एकाच मापाचे, एकाच रंगाचे, एकाच पिकलेपणाचे आणा. मोठा नग ताटात ठेवला की बाकीचे चार त्याच्या शेजारी बारीक दिसतात आणि मार्क कमी होतात. मी तर म्हणेन पाच हवे असतील तर घरी पंधरा-वीस तोडून ओट्यावर ओळीनं मांडा, लांबून बघा, जो डोळ्यात खुपतोय तो काढा, परत बघा, परत काढा, शेवटी पाच उरतील ते तुमचे. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगितलं तर आणखी बरं, कारण आपण पिकवलेल्यात आपल्याला खोट दिसत नाही.

नियमपत्रकाप्रमाणे नाही म्हणून एंट्री बाद केली असं म्हणतात, ते काय असतं?

इंग्लंडातल्या शोमध्ये अशा ताटावर जज "एनएएस" असं लिहितात, म्हणजे नॉट अ‍ॅकॉर्डिंग टू शेड्यूल. पाच मागितले आणि तुम्ही सहा ठेवले तर बाद. चार ठेवले तरी बाद. "एकाच जातीच्या मिरच्या" लिहिलंय आणि तुम्ही संकेश्वरी आणि ब्याडगी मिसळून मांडल्या तर बाद. "पानांसह मुळा" म्हटलंय आणि पानं कापून आणलीत तर बाद. यात जजचा रागलोभ काही नसतो, बाकीच्यांनी नियम पाळलेला असतो म्हणून त्यांना तसं करावं लागतं. त्यामुळं पत्रक हातात आलं की आपल्या गटाची ओळ पेनानं अधोरेखित करा, आकडा, देठ ठेवायचा की नाही, पान पाहिजे की नाही, ताट कुणी आणायचं, आणि कितीच्या आत मांडून व्हायचं, हे सगळं. शंका असली तर आधी आयोजकांना फोन करून विचारा, त्या दिवशी सकाळी टेबलाजवळ विचारून काही बदलता येत नाही.

प्रदर्शन मे महिन्यात आहे. पेरणी कधी करायची?

तारखेपासून उलटं मोजायचं. समजा प्रदर्शन मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तर भेंडीला पेरल्यापासून पहिल्या तोड्याला ४५ ते ५० दिवस लागतात, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बी पडायला पाहिजे, आणि पहिल्या तोड्यापेक्षा दुसरा-तिसरा तोडा जास्त सारखा मिळतो म्हणून आणखी आठवडाभर आधी घातलं तर उत्तम. काकडी ४५ ते ५५ दिवस, बिनीस (फरसबी) ५० ते ६०, बीट ६० च्या आसपास, गाजर ९० च्या आसपास, मुळा ३५ ते ४०, मेथी आणि लाल माठ २५ ते ३०. वांगी आणि टोमॅटो रोप लावल्यापासून साधारण दोन ते अडीच महिने घेतात, त्यात रोप तयार व्हायचा महिना वेगळा धरा, म्हणजे बी जानेवारीतच घालावं लागतं. झिनिया बी पेरल्यापासून आठ आठवड्यांत फुलतो, उन्हाळ्यासाठी यापेक्षा सोपं फूल मला माहीत नाही. झेंडूला बी पासून अडीच महिने धरा.

एकाच दिवशी सगळं पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा थोडं थोडं पेरा, म्हणजे ऊन वाढलं किंवा वळीव आडवा आला तरी एखादी पेरणी तरी नेमकी तारखेला हाताशी येते. हिशेब अगदी बरोबर असला तरी हवामान आपल्या हातात नाही, त्यामुळं हा भाग मी सगळ्यांना परत परत सांगते.

आणि आयोजकांना पण एक विनंती, तारीख रोहिणी नक्षत्राच्या आधी ठेवा. २५ मेच्या आसपास रोहिणी लागली की बेळगाव-खानापूर भागात भाताच्या धूळवाफ पेरणीची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीची, गडबड सुरू होते, मग शेतकरी प्रदर्शनाला कुठला येतोय. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाच्या आसपासही नको, घरातली तरुण पोरं तिकडंच असतात.

शेवंती का नाही येत ओ? गणपतीनंतर तर एवढी येते.

शेवंती दिवस लहान होत गेले की कळ्या धरते. एप्रिल-मेमध्ये दिवस मोठा, त्यामुळं झाड नुसतं पानावर वाढतं. उन्हाळी प्रदर्शनासाठी झिनिया, गलांडा, झेंडू, सूर्यफूल, कर्दळ, जास्वंद, बोगनवेल, मोगरा हे धरा. आणि कंदाची मे फ्लॉवर लिली, तो लाल गोल चेंडू, वळवाच्या पहिल्या सरीनंतर येतो आणि कुंडीच्या गटात सगळे त्याच्याकडंच बघतात.

ऊन फार आहे, पाणी कमी आहे. माल टिकवायचा कसा?

पाणी सकाळी लवकर, बुंध्याला, आणि नियमानं. एक दिवस भरपूर आणि तीन दिवस कोरडं असं केलं की काकडी कडू होते आणि टोमॅटोच्या खालच्या टोकाला काळा खोलगट डाग पडतो. तो डाग रोगाचा नसतो, पाण्याच्या चढउतारामुळं फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून तसं होतं, त्याला औषध मारून उपयोग नाही. बुंध्याला भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट पसरा. दुपारच्या उन्हाला ५० टक्के शेडनेट पुरते. अथणी, रायबाग, चिकोडीकडं बेळगाव शहरापेक्षा ऊन जास्त, तिथं टोमॅटोची फुलं गळतात, त्यांनी टोमॅटोच्या मागं न लागता भेंडी, गवार, मिरची यात उतरावं असं मला वाटतं.

फुलं कधी तोडायची? सकाळी तोडून लगेच नेली तर जास्त ताजी नाही का राहणार?

नाही राहत. आदल्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर तोडा, बादली बरोबर घेऊन जा आणि तोडल्या तोडल्या देठ पाण्यात घाला. घरी आल्यावर देठ पाण्याखाली परत तिरका कापा, पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाका, आणि फुलं रात्रभर गळ्यापर्यंत पाण्यात, थंड अंधाऱ्या खोलीत ठेवा. यानं देठात पूर्ण पाणी चढतं आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, दुपारपर्यंत फूल उभं राहतं. सकाळी तोडून थेट आणलेलं फूल नऊ वाजता सुंदर दिसतं आणि जज येईस्तोवर अकरा वाजता मान टाकतं. बादली स्वच्छ घासलेली पाहिजे, शेवाळलेल्या बादलीतल्या पाण्यानं देठाची तोंडं बंद होतात.

आता एक गोष्ट जी आपल्याकडं मे महिन्यात हमखास घडते. फुलांची बादली त्याच खोलीत ठेवली जाते जिथं आंब्याची आढी लावलेली असते, कारण घरातली थंड अंधारी खोली तीच. पिकणाऱ्या आंब्यातून, केळ्यातून इथिलीन नावाचा गॅस निघतो आणि त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात, पाकळ्या गळतात. फुलं वेगळ्या खोलीत ठेवा. न्हाणीघर पण चालेल, पण आढीपासून लांब.

गुलाबाचं काय? नेमका त्या दिवशी फुलवता येतो काय?

नेमका नाही पण बऱ्यापैकी जवळ. छाटल्यापासून साधारण सहा ते सात आठवड्यांनी फूल येतं, उन्हाळ्यात थोडं लवकर, त्यामुळं मार्चच्या शेवटाला हलकी छाटणी करा, ऑक्टोबरसारखी खोल नाही, उन्हात झाड सुकतं. एका दांडीवर एकच फूल मागितलं असेल तर बाजूच्या बारीक कळ्या दिसल्या की लगेच चिमटा, मोठ्या झाल्यावर काढल्या तर व्रण राहतो आणि जजला दिसतो. मोठ्या फुलाच्या गुलाबात अर्धा ते पाऊण उमललेला, मध्यभाग घट्ट आणि बरोबर मधोमध, हा सगळ्यात चांगला टप्पा. पूर्ण उघडून पिवळे केसर दिसायला लागले की उशीर झाला.

मोगरा संध्याकाळी उमलतो आणि जजिंग सकाळी असतं, मग?

आधी पत्रक बघा. "कळ्या" म्हटलं असेल तर त्याच दिवशी पहाटे भरलेल्या पांढऱ्या कळ्या तोडा, ओल्या सुती कापडात आणि वरून केळीच्या पानात गुंडाळून आणा. "उमललेली फुलं" म्हटलं असेल तर आदल्या रात्री झाडावर उमललेली पहाटे देठासकट कापा. गजऱ्याच्या गटात फुलांइतकीच गुंफण बघतात, गाठी सारख्या अंतरावर आणि दोरा दिसायला नको. अबोली फार वेळ टिकते म्हणून नवीन लोकांनी अबोलीचा गजरा आणावा, मोगऱ्याला लई सांभाळावं लागतं.

भाजी धुवून, पुसून, थोडं तेल लावून चकाकी आणली तर?

तेल अजिबात नको. जजच्या हाताला लगेच कळतं आणि मार्क जातात. काकडी, जांभूळ, द्राक्षं, कोबी यांच्यावर जी पांढरट नैसर्गिक धूळ असते ती ताजेपणाची खूण मानतात, ती पुसायचीच नाही, त्यामुळं तोडताना पण देठाला धरा, अंगाला बोटं लावू नका. गाजर, बीट, मुळा यांची माती भरपूर पाण्यात बुडवून मऊ कापडानं काढा, ब्रशनं घासलं की साल खरडतं आणि दोन तासांत तपकिरी ओरखडे उठतात. बटाटा तसाच, आणि उजेडात ठेवू नका, हिरवा पडतो. टोमॅटोला वरची हिरवी टोपी पाहिजे, वांग्याला पण, आणि वांग्याच्या टोपीवरचे काटे मोडलेले नसावेत. कांदा तोंडाशी पूर्ण सुकलेला पाहिजे, मान घट्ट, आणि सालं जास्त सोलून गुळगुळीत केलेला कांदा मागं पडतो. भेंडीचं टोक आणि बिनीसची शेंग कटकन मोडली पाहिजे, जज एखादी मोडून बघतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ढबू मिरचीत चारही उंचवटे सारखे असलेल्या निवडा.

भाज्यांचा एकत्रित गट, म्हणजे एका टोपलीत पाच-सहा प्रकार, त्यात काय ठेवावं?

इथं थोडा अभ्यास लागतो. इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, जी १८०४ मध्ये सुरू झाली, तिच्या पद्धतीत प्रत्येक भाजीला जास्तीत जास्त मार्क ठरलेले असतात आणि जी भाजी चांगली पिकवायला अवघड तिला जास्त. फ्लॉवर आणि बटाट्याला २०, बिटाला १५, साध्या सॅलडच्या मुळ्याला १०. म्हणजे तुमचा मुळा कितीही सुंदर असला तरी तो दहाच्या वर जाणार नाही, आणि बरा फ्लॉवर त्याला सहज मागं टाकतो. आपल्याकडचे आयोजक ही पद्धत वापरतील असं नाही पण जज बहुतेक असाच विचार करतात. मे मध्ये चांगला फ्लॉवर आपल्याकडं अवघडच, कडोली-काकती भागात पाणी असलेल्यांनी बघावं, बाकीच्यांनी वांगी, टोमॅटो, बिनीस, गाजर असं धरावं.

आंबा, काजू, फणस यांचे गट असतील तर?

आंबा तोडताना एक-दोन सेंटिमीटर देठ ठेवा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि काळा डाग पडतो, तो काही केल्या जात नाही. आढीत घातल्यापासून आठ-दहा दिवस धरून तारीख जुळवा, आणि एका ताटातले आंबे एकाच झाडाचे, एकाच दिवशी उतरवलेले पाहिजेत म्हणजे रंग सारखा येतो. कार्बाइड बिलकुल नको. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कार्बाइडनं पिकवलेलं फळ विकायलाच बंदी आहे, आणि तसलं फळ वरून पिवळं पण देठाशी आंबट आणि आतून कच्चट लागतं, जज कापून बघतात तेव्हा कळतंच. फणसाला जागा फार लागते आणि वास पण, आधी आयोजकांना विचारून आणा. काजू बोंडं पहाटेची तोडा, दुपारी ती रसाळतात आणि फुटतात.

मार्केटमधून आणून आपलं म्हणून ठेवलं तर कुणाला कळणार?

कळतं, आणि नाही कळलं तरी ठेवू नका. एपीएमसीतून निवडून आणलेली पाच गाजरं ठेवायची असतील तर मग प्रदर्शन कशाला पाहिजे. एखाद्या आजीनं महिनाभर घरातलं भांडी धुतलेलं पाणी घालून जगवलेलं वांगं शेजारच्या ताटात असतं, तिचा नंबर आपण विकतच्या मालानं हिसकावून घ्यायचा ही गोष्ट मला मनापासून लागते. कुंडीतल्या झाडांबाबत बऱ्याच ठिकाणी किमान दोन महिने झाड तुमच्याकडं असलं पाहिजे अशी अट असते, ती पाळा. जॅम-लोणच्यात फळ विकतचं चालतं, करणं मात्र तुमचं पाहिजे.

आता बेकिंग. साधा स्पंज केक प्रत्येक वेळी मधे का बसतो?

बहुतेक वेळा ओव्हनचं दार लवकर उघडल्यामुळं, नाहीतर बेकिंग पावडर जास्त पडल्यामुळं. इंग्लंडच्या प्रत्येक शोमध्ये व्हिक्टोरिया सँडविच नावाचा जो केक असतो त्याचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे: अंडी कवचासकट तोला, जेवढं वजन तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा, १०० ग्रॅम मैद्याला साधारण एक टीस्पून बेकिंग पावडर. दोन सारखे डबे, १८० अंश, २० ते २५ मिनिटं. दोन थरांच्या मधे जॅम, वरून फक्त बारीक दाण्याची साखर भुरभुरवलेली, आयसिंग नाही. हा केक एवढा हलका होतो तो बेकिंग पावडरमुळं, जी आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रजानं १८४३ मध्ये बनवली.

आपल्याकडची खरी अडचण लोणी. मे महिन्यात स्वयंपाकघरात ३३-३५ अंश असतात, त्यात लोणी मऊ नाही, पातळच होतं, आणि पातळ लोण्यात हवा धरत नाही, मग कितीही फेटा केक दगड. पहाटे फेटा, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून. अंडी एकेक घाला. केक बाहेर काढल्यावर जाळीवर तसाच पालथा टाकला तर वर जाळीचे व्रण उमटतात आणि त्याचे पण मार्क जातात, आधी सुती कापडावर काढा मग सरळ करून ठेवा. पत्रकात क्रीम मागितलं नसेल तर क्रीम नको, या उन्हात ते टिकत नाही आणि पोटाला पण धोका. बेळगाव उंचावर आहे म्हणून केकचं माप बदलायचं काय असं काही जण विचारतात, तर नाही, साडेसातशे मीटरला केकला फरक पडत नाही. जॅमला मात्र पडतो, ते खाली लिहिलंय.

अंडं घालायचं नाही आमच्यात. एगलेस चालेल?

एगलेसचा वेगळा गट असेल तर तिथंच द्या, दोन्ही केक एकाच मापानं तोलता येत नाहीत. गट नसेल तर आयोजकांना आधी विचारा. आणि कार्डावर "अंडं नाही" असं स्पष्ट लिहा, चाखणाऱ्यांत अंडं न खाणारे असतात.

ओव्हन नाही.

नानकटाई करा की. जाड बुडाच्या कढईत किंवा शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये मीठ घालून दहा मिनिटं तापवा, आत स्टँड ठेवून मंद आचेवर भाजा. पीठ मळून गोळे तोलून करा, अगदी वजनकाट्यावर, म्हणजे सगळ्या एका मापाच्या येतात. तूप थिजलेलं पाहिजे, पातळ तुपाच्या नानकटाया पसरून एकमेकीला चिकटतात, म्हणून गोळे भाजायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. वरच्या चिरा सगळ्यांवर सारख्या दिसल्या तर जज खूश होतात.

कुंदा, मांडे, करदंट हे बेकिंगमध्ये धरतात काय?

दूध आटवून केलेला बेळगावी कुंदा आणि डिंक-सुकामेव्याचं गोकाकचं करदंट हे बेकिंग नाही, त्याला "पारंपरिक गोड" असा वेगळा गट पाहिजे. मांडे खापरावर भाजतात तर ते बेकिंगच्या जवळचे, पण त्यांना केकशेजारी ठेवून मार्क देणं अन्यायाचं होईल. आपल्या भागात मांडे हातावर वाढवणाऱ्या बायका अजून आहेत आणि प्रदर्शनात त्यांना जागा नसते. आयोजकांनी मांड्यांचा गट ठेवावाच, आणि जमलं तर तिथंच चूल मांडून करून दाखवायला सांगावं, कारण ते हात बघण्यात अर्धी कला आहे.

जॅम घट्ट होत नाही किंवा एकदम गोंदासारखा होतो.

पुस्तकात १०४-१०५ अंशाला जॅम जमतो असं लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं आहे. दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, त्यामुळं बेळगावात जॅम १०२ च्या आसपासच जमतो. थर्मामीटर बघून १०५ पर्यंत उकळलात तर गोंद होणारच. थर्मामीटर नसेल तर फ्रिजमधल्या गार बशीवर थेंब टाका, मिनिटभरानं बोटानं ढकला, सुरकुती पडली की झालं. पिकल्या आंब्यात पेक्टिन, म्हणजे जॅम जमवणारा फळातला घटक, कमी असतं, थोडी कैरी किंवा लिंबाचा रस घाला. खानापूर-जांबोटीकडच्या करवंदांचा जॅम मस्त जमतो, त्यात थोडी कच्ची करवंदं ठेवा. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, काच स्वच्छ, झाकणावर कुठल्या कंपनीचं नाव नको, आणि लेबलवर पदार्थ व तारीख.

लोणचं आणि वाळवण?

मे मध्ये नुकतं घातलेलं कैरीचं लोणचं मुरलेलं नसतं, पत्रकात "या वर्षीचं" असं नसेल तर गेल्या वर्षीची बरणी आणा. वर तेलाचा थर पाहिजे, फोडी सारख्या, बरणी काचेची किंवा चिनीमातीची.

वाळवणाचा गट म्हणजे आपल्या उन्हाळ्याचा जीव आहे आणि त्यात सगळ्यात चांगल्या एंट्र्या येतात. पापड एका मापाचे आणि सगळीकडं सारखे पातळ, उजेडात धरून बघा, मधे जाड असेल तर लगेच दिसतं. सांडगे, कुरड्या, शेवया, भातवड्या कच्चं आणायचं की तळून ते पत्रकात बघा. दही-मेथी भरलेल्या सांडगी मिरचीत मिरच्या एकाच लांबीच्या, देठासकट, आणि पोट फुटलेली एकही नको. वळीव पडून गेला की हवेत दमटपणा येतो आणि कुरकुरीत वाळलेलं वाळवण रात्रीत मऊ पडतं, त्यामुळं प्रदर्शनाच्या सकाळपर्यंत घट्ट डब्यातच ठेवा, आदल्या दिवशी ताटात मांडून ठेवू नका.

कार्डावर मराठीत लिहिलं तर चालतं?

चालतं. जज मराठी असतील, कन्नड असतील, शक्य असेल तर दोन्हीत लिहा, घरातलं कुठलंही पोरगं कन्नड लिहून देईल. जातीचं नाव माहीत असेल तर जरूर लिहा, त्याला मार्कही मिळतात आणि लोक पण वाचून बी मागतात.

मुलांनी भाग घ्यावा काय?

सुट्टीच आहे, नक्की. भाजीपासून प्राणी बनवणं, बाटलीत वाढवलेली मेथी, बिस्किटं, असे गट असतात. पण काम मुलांचंच पाहिजे. आईनं कापलेलं आणि मुलानं फक्त डोळे चिकटवलेलं जजला कळतं आणि शेजारी ज्या मुलानं स्वतः वाकडंतिकडं केलंय त्याचं नुकसान होतं. वयाप्रमाणे गट असतात, खरं वय लिहा.

गावाहून बसनं किंवा बाईकवरून आणायचंय, मोडत नाही काय?

टोमॅटो, लिंबं, अंजीर अंड्यांच्या ट्रेमध्ये बसवा, एकदम सुरक्षित येतात. गाजर-मुळा ओल्या कापडात गुंडाळून. फुलांची बादली बाईकवर नेऊ नका, वाऱ्यानं पाकळ्या फाटतात, उंच डब्यात थोडं पाणी आणि वरून सैल कागद, मागं बसणाऱ्याच्या मांडीवर. केक त्याच्या डब्यातच, डबा सपाट, बाजूला नॅपकिन कोंबून. दोन-तीन नग जास्तीचे आणा, एखादा वाटेत लागतोच. आणि सकाळी लवकर निघा, नऊची वेळ दिली असेल तर सव्वानऊला टेबल बंद होतं आणि कुणासाठी उघडत नाही.

निकाल पटला नाही तर?

जजचा निर्णय शेवटचा असतो, पण रागावून जाण्यापेक्षा जज अजून हॉलमध्ये असले तर शांतपणे विचारा, "पुढच्या वेळी काय सुधारू?" बहुतेक जज मनापासून सांगतात. कधी कधी पहिला नंबर कुणालाच देत नाहीत, फक्त दुसरा-तिसरा देतात, कारण त्या गटात पहिल्या दर्जाचा माल आला नाही असं त्यांचं मत असतं. नियमात हे बसतं. नियम मोडल्याची तक्रार असेल तर ती लेखी, त्याच दिवशी, पत्रकात दिलेल्या वेळेच्या आत आयोजकांकडं.

संपल्यावर आपल्या वस्तू परत मिळतात काय?

ठरलेल्या वेळेआधी ताट उचलायचं नाही, बघायला येणारे संध्याकाळीच येतात. नंतर आपली ताटं, फुलदाण्या, बरण्या स्वतः गोळा करा, खाली आधीच नाव चिकटवलेलं असू दे, सगळ्या स्टीलच्या ताटल्या सारख्याच दिसतात. केक आणि भाजीचा काही ठिकाणी तिथंच लिलाव करतात, नको असेल तर एंट्री फॉर्मवर तसं लिहा.